घोडा मे महिन्यात न्यायचा की दसऱ्याला?

वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं: "२० मे रोजी आम्ही तिघं पुण्याहून बंगळूरला राहायला जातोय. मुलगी तेरा वर्षांची. तिचा घोडा रेसमधून निवृत्त झालेला, वय पंधरा. इथे तबेल्याला महिना १८,००० रुपये देतो, बंगळूरला २८,००० सांगतात. २४ मेला एका ट्रकमध्ये दुसऱ्या घोड्याबरोबर जागा मिळतेय, ३५,००० रुपयांत. त्यातले ५,००० बयाणा म्हणून दिलेत. नंतर एकट्याला न्यायचं तर ६०,००० पडतील. नवऱ्याचं म्हणणं, चार महिने पुण्यात ठेवला तर ७२,००० पाण्यात जातील. मला मात्र घाई नको वाटते. काय करावं?"

ताई, नमस्कार. आधी त्या ७२,००० रुपयांचं बघू, कारण घरातला वाद तिथेच अडकलाय. घोडा पुण्यात असो की बंगळूरला, तो खाणारच, त्याला सईस (घोड्याची देखभाल करणारा माणूस) लागणारच. २४ मेला तो गेला तर जूनपासून महिना २८,००० सुरू होतात. पुण्यात राहिला तर १८,०००. म्हणजे चार महिने थांबल्याने ७२,००० जात नाहीत, उलट ४०,००० वाचतात. दोन तबेल्यांचं भाडं एकाच वेळी भरलं तरच ते दुप्पट म्हणायचं, आणि तसं करायचं काहीच कारण नाही.

आता थांबण्याचा खर्च. ट्रकचे २५,००० जास्त. तुम्ही नसताना घोड्याला रोज फिरवायला कुणीतरी हवं, त्याचे तुम्ही महिना ४,००० लिहिलेत, म्हणजे १६,०००. बयाणा बुडाला तर ५,०००. मुलीला घेऊन दोन वेळा पुण्याला यायचं तर साधारण ८,०००. सगळे मिळून ५४,००० होतात. वाचलेले ४०,००० वजा केले तर थांबणं १४,००० रुपयांनी महाग पडतं. एवढाच फरक आहे. तुमच्यासारख्या घराने १४,००० साठी घाई करू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

कारण मे महिन्यात तुमच्या हातात पैसा किती उरतो ते पाहा. तुम्ही पाठवलेल्या हिशेबात घराचं सहा महिन्यांचं डिपॉझिट २,७०,०००, दलाली ४५,०००, पॅकर्सचे ९०,००० आणि शाळेचे १,८०,००० आहेत. बेरीज ५,८५,०००. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या आठ लाखांतून हे गेले की २,१५,००० उरतात. त्याच महिन्यात घोडाही नेला तर ट्रकचे उरलेले ३०,००० आणि नव्या तबेल्याचं दोन महिन्यांचं डिपॉझिट ५६,००० जाऊन १,२९,००० राहतात. तुमचा जेमतेम एका महिन्याचा घरखर्च. कंपनी स्थलांतराचे दीड लाख देणार आहे, पण बिलं दिल्यावर, दोन महिन्यांनी. (घोड्याच्या ट्रकचं बिल त्यात बसेल असं गृहीत धरू नका. एचआरला लेखी विचारा.)

आणि नेमका तोच महिना घोड्यासाठी सगळ्यात जोखमीचा. लांबचा प्रवास, नवं पाणी, नवा चारा, नवा सईस. घोड्याला उलटी करता येत नाही. वाटेत पाणी कमी प्यायला, आतड्यात चारा सुकून अडकला, की पोटशूळ उठतो. रात्री दोनला डॉक्टर बोलवावा लागतो आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर आकडा लाखात जातो. त्या रात्री मुलगी समोर उभी असताना "आत्ता एवढे पैसे नाहीत" म्हणायची वेळ तुमच्यावर येऊ नये. माझ्या सल्ल्याचा सगळा रोख तिकडेच आहे.

सप्टेंबरअखेर चित्र बदलतं. कंपनीचे दीड लाख आलेले असतील, महिना ४०,००० प्रमाणे चार महिन्यांची बचत जमलेली असेल. फिरवण्याचा आणि येण्याजाण्याचा खर्च वजा केला तरी पाच लाखांच्या आसपास हाताशी राहतील. तेव्हा न्या.

दुसरं कारण पैशाचंच आहे, पण नकाशातून दिसतं. तुमचं बंगळूरचं घर अजून ठरलेलं नाही. ऑफिस शहराच्या दक्षिणेला, इलेक्ट्रॉनिक सिटीत, तर तुम्ही बघितलेला तबेला शहराच्या पार उत्तरेला, येलहंक्याच्या पुढे. तिथली वाहतूक तुम्ही अनुभवली आहे. घर दक्षिणेला घेतलंत तर मुलगी फक्त रविवारी घोड्याकडे जाऊ शकेल, आणि महिना २८,००० तुम्ही तिच्या चार रविवारांसाठी मोजाल. माझ्या एका जुन्या ग्राहकांनी सामानाबरोबरच घोडा हलवला. सहा महिन्यांत घर शहराच्या दुसऱ्या टोकाला बदललं, तबेलाही बदलावा लागला आणि पहिल्या तबेल्याने डिपॉझिट परत दिलं नाही. त्या वेळी मी त्यांना पुरेसं अडवलं नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

म्हणून आधी घर, मग शाळेची वेळ, मग तबेला. तो बघायला जुलै-ऑगस्टमध्ये भर पावसात जा. उन्हाळ्यात सगळेच तबेले चांगले दिसतात. पावसात ठाणाच्या (घोडा बांधायच्या खोलीच्या) दाराशी चिखल किती होतो, पाणी कुठून निचरतं, चारा कोरडा राहतो का, खूर कसे दिसतात, ते पाहा. बंगळूरला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही चांगला पाऊस पडतो, त्यामुळे घोडा पोचेल तेव्हा जमीन ओलीच असणार. कर्नाटकात शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते. घोडा त्या सुट्टीच्या सुरुवातीला पोचावा असं ठरवा, म्हणजे पहिले आठ-दहा दिवस मुलगी सकाळ-संध्याकाळ त्याच्यापाशी राहील. ओळखीचं माणूस जवळ असलं की जनावर लवकर खायला लागतं. ट्रकचंही बघा. पुण्याचा रेसचा हंगाम पावसाळ्यात सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुमारास आवरतो, मग घोडे इतर शहरांकडे हलतात. जुन्या ट्रेनरकडे आतापासून शब्द टाकून ठेवा. कदाचित ६०,००० द्यावे लागणारही नाहीत.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही: रक्ततपासणी. ग्लँडर्स हा घोड्यांचा आजार माणसालाही होतो, त्यामुळे सरकार त्याबाबत कडक आहे. नमुना हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो. अहवाल आणि पशुवैद्यकाचा प्रवासाचा दाखला हातात आल्याशिवाय ट्रकची तारीख पक्की करू नका. अजून नमुनाच दिला नसेल तर २४ मेचा विषय तिथेच संपतो. विमा असेल तर कंपनीला आधी कळवा. पॉलिसीत ठिकाण पुण्याचं लिहिलंय का आणि प्रवासातला मृत्यू धरलाय का, हे पत्राने विचारा, फोनवर नको.

रस्ता साधारण ८४० किलोमीटरचा. एका दमात नेऊ नका. हुबळीच्या आसपास रात्रभर उतरवायची सोय करा आणि त्याचा खर्च आताच ट्रकवाल्याशी बोलून घ्या. डोकं बराच वेळ वर बांधून ठेवलं की फुफ्फुसाचा संसर्ग होतो, म्हणून दर चार-पाच तासांनी थांबून मान खाली सोडू द्यायची. इथला पंधरा दिवसांचा चारा आणि चंदी (घोड्याचा दाणा) सोबत द्या, नवा खुराक हळूहळू मिसळा. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून पाण्यात थोडा गूळ घाला, म्हणजे तिकडच्या पाण्यालाही तीच चव देता येईल. नाल निघायच्या आदल्या दिवशी नको, दहा-बारा दिवस आधी मारून घ्या. हे सगळं मिळून पाच-सहा हजारांचं काम आहे, आणि तेवढे खर्चा.

घोडा विकण्याबद्दल तुम्ही अर्धवट वाक्य लिहून सोडलंय. पंधरा वर्षांच्या निवृत्त घोड्याची किंमत फारशी येत नाही, त्यामुळे पैशासाठी विकण्यात अर्थ नाही. विकलात तर महिन्याचा खर्च वाचतो, हे खरं. पण महिना ४०,००० बचत करणाऱ्या घराला तो परवडतो. बंगळूरला गेल्यावर बचत ३०,००० वर येईल, तरी परवडेल. हा निर्णय हिशेबाने तुमच्यावर लादलेला नाही, एवढं नक्की सांगतो.

माझं मत दोनच गोष्टींनी बदलेल. पुण्यातला तबेलामालक चार महिने जागा ठेवायला तयार नसेल, किंवा आत्ताचा सईस सोडून जाणार असेल, तर ऑक्टोबरपर्यंत थांबू नका. घर ठरलं की जुलैत न्या. म्हणून याच आठवड्यात तबेल्यात जाऊन दोघांशी बोला, आणि मालकाकडून सप्टेंबरअखेरपर्यंतची जागा व १८,००० हा दर लिहून घ्या. ट्रकवाल्याकडे बयाणा परत मागा. देत नसेल तर ते ५,००० दसऱ्याच्या फेरीत वळते करून घ्यायला सांगा.