खेळता खेळता हाताची तपासणी

प्रश्न : माझी मुलगी २२ महिन्यांची असून तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) आहे, डाव्या बाजूवर परिणाम झाला आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी ‘मिनी-मॅक्स पातळी २’ असे लिहून दिले आणि पुढच्या भेटीत तिच्या खेळण्याचे चित्रीकरण करून तपासणी करू, असे सांगितले. मागे लागले की ती डाव्या हाताने वस्तू पकडते. मग हाताची ताकद न मोजता नुसता खेळ पाहून काय कळणार? आणि पातळी २ म्हणजे डावा हात बराच बरा आहे, असे समजायचे का? – एक आई, सांगली

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हा गैरसमज फार जणांचा होतो. मिनी-मॅक्स ही एक ते चार वर्षांच्या मुलांसाठीची वर्गवारी आहे; स्वीडनमधील संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या, चार ते अठरा वर्षे वयासाठीच्या ‘मॅक्स’चे ते धाकटे रूप. तिच्या पाच पातळ्या एकेका हाताच्या नसतात. दोन्ही हात मिळून मूल रोजच्या वस्तू कशा हाताळते, एवढेच त्या सांगतात. पातळी २ म्हणजे बहुतेक वस्तू हाताळता येतात, पण सफाई किंवा वेग थोडा कमी पडतो. उजवा हात चांगला असेल तर डावा बराच अशक्त असूनही मूल या पातळीत बसू शकते. त्यामुळे डाव्या हाताबद्दल या आकड्यावरून काहीच ठरवू नये.

तो हात पाहण्यासाठीच खेळाची तपासणी असते. तुम्ही सांगता ती बहुधा ‘असिस्टिंग हँड असेसमेंट’, म्हणजे मदतनीस हाताची तपासणी, असावी. एकाच बाजूवर परिणाम झालेल्या, दीड ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ती वापरतात. दोन हातांशिवाय नीट खेळता येणार नाही अशी खेळणी मुलासमोर ठेवतात, सुमारे पंधरा मिनिटांचे चित्रीकरण करतात आणि प्रशिक्षित थेरपिस्ट नंतर ते पाहून गुण देतात. झाकण ओढताना डावा हात आपणहून पुढे येतो का, डबा धरतो की मनगटाने पोटाशी नुसता दाबून ठेवतो, धरलेली वस्तू वेळेवर सोडतो का, हे त्यात बारकाईने पाहिले जाते. पोटाशी दाबून धरणे हीसुद्धा मदतच आहे आणि तिचीही नोंद होते.

मागे लागल्यावर हात काय करतो आणि खेळाच्या नादात काय करतो, यांत पुष्कळ अंतर असू शकते, आणि उपचारांची दिशा या अंतरावरूनच ठरते. हात उघडतो पण वापरला जात नाही, अशा मुलाला सरावाचा मोठा उपयोग होतो. अंगठा तळहातात घट्ट अडकलेला असेल तर स्नायूंच्या ताठरपणाचा विचार आधी करावा लागतो. सांध्यांची हालचाल आणि ताठरपणा वेगळे तपासतातच, पण त्यावरून हाताचा प्रत्यक्ष वापर कळत नाही.

त्या दिवशी मुलीची झोप आणि खाणे झालेले असू द्या. ‘डावा हात लाव’ असे मात्र एकदाही म्हणू नका. घरच्यांना हे सर्वांत अवघड जाते. गुण ० ते १०० या मापात मिळतात. पुढच्या तपासणीत पाच किंवा त्याहून अधिक एककांचा फरक दिसला तरच तो खरा बदल मानावा. एकदोन एककांनी हुरळून किंवा खचून जाऊ नये.