वीट आला की किळस आली?

प्रश्न : माझी सून म्हणते, ‘मला पालीचा वीट येतो.’ मला हे खटकतं. चूक आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमचा कान बरोबर आहे. वीट यायला आधी ती गोष्ट भरपूर भोगावी लागते. आमच्या कोकणातल्या घरी मे महिन्यात रोज फणसाचे गरे, गऱ्यांची भाजी, आठळ्या. महिनाअखेरीस आम्ही मुलं म्हणायचो, ‘आता फणसाचा वीट आला.’ जूनमध्ये मात्र सुकवलेल्या साटांवर तुटून पडायचो. क्रियापद पाहा : मन विटतं, रंगही विटतो, सदरा विटका होतो. म्हणजे पूर्वी तिथे काहीतरी टवटवीत होतं. पालीबद्दल सूनबाईंना तसं कधी वाटलं नसणार!

पालीची किळस येते, किंवा शिसारी. दोन्ही अंगाला जाणवणाऱ्या. तिटकारा मनातला, तो खोटेपणाचा, लाळघोटेपणाचा येतो. आणि हा ‘वीट’ पुल्लिंगी, म्हणून ‘वीट आला’. ‘वीट आली’ म्हटलंत तर गवंडी विचारेल, कुठे ठेवू?

हल्ली सगळ्यालाच ‘घृणा’ लावतात, ते मला पटत नाही. साध्या भेंडीच्या भाजीला इतका जड शब्द कशाला? शिवाय संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा. ‘निर्घृण खून’ म्हणतो तेव्हा आपण तोच जुना अर्थ वापरत असतो : दया नसलेला.