जुनं दगडी घर आहे. बॉयलर काढून ग्राउंड सोर्स हीट पंप, म्हणजे पुरलेल्या पाइपांनी जमिनीतली उष्णता ओढून घर तापवणारं यंत्र, बसवावा का? पाइप आडवे पुरावेत की बोअर मारावं?

बसवा. जुन्या घरात हीट पंप चालतच नाही, असं छातीठोकपणे सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. आमच्याकडे ते काम मेव्हणे करतात.

आमचंही घर दगडी, छत उंच, खिडक्या जुन्या. मेव्हण्यांचं म्हणणं, घ्यायचाच तर दुप्पट ताकदीचा पंप घ्या आणि रेडिएटरमध्ये (खोली तापवणाऱ्या, भिंतीवरच्या पत्र्यांमध्ये) पाणी ७० अंशांवरच फिरवा. मग बॉयलर काय वाईट होता? हीट पंपाची सगळी कमाई कोमट पाण्यात आहे. ३५ ते ४५ अंशांवर भागलं, तर एक युनिट विजेत साधारण तीन-चार युनिट उष्णता मिळते. पाणी जितकं जास्त तापवाल तितकी ही कमाई घटते. शिवाय गरजेपेक्षा मोठा पंप सारखा चालू-बंद होतो आणि कॉम्प्रेसर लवकर झिजतो.

मी पैसे आधी छताच्या इन्सुलेशनवर आणि फटी बुजवण्यावर घातले. मग कुठल्या खोलीतून किती उष्णता जाते याचा हिशोब करून घेतला. रेडिएटर ७० ऐवजी ४५ अंशांवर चालवला की तो जेमतेम ४० टक्के उष्णता देतो, म्हणून बरेच रेडिएटर मोठे घेतले. तळमजल्याची फरशी उखडायचीच होती, तिथे खालून गरम पाण्याचे पाइप टाकले.

ऐन थंडीत मेव्हणे आले, रेडिएटरला हात लावला आणि म्हणाले, "बंद पडलाय हा." खोलीत २० अंश होते. मी थर्मामीटर दाखवला, तर तोच बिघडलाय म्हणे! दिवसभर अंगातला कोट काढला नाही. कपाळावर घाम दिसत होता.

जमिनीत पुरायच्या पाइपांचं म्हणाल तर मोकळी जागा भरपूर असेल तर आडवे, मीटर-दीड मीटर खोल; बागेची वाट लागेल. जागा नसेल तर बोअर. ते महाग पडतं, पण खोलवर तापमान वर्षभर जवळपास स्थिर असतं. खाली खडक कसा आहे ते बघूनच ठरवा. पाइपांच्या लांबीत मात्र काटकसर नको, नाहीतर जमीन गरजेपेक्षा गार होते आणि विजेचं बिल चढतं.

हो, भिंती चुन्याच्या असतील तर आतून प्लास्टिकसारखं काही चिकटवू नका, ओल अडकते. थ्री फेज वीज लागेल का तेही आधीच विचारा. आणि घर फक्त सुट्टीत उघडत असाल, तर हा खर्च करूच नका. ही यंत्रणा सावकाश तापवते, सतत चालू ठेवली तरच परवडते. मेव्हण्यांचं घर नेमकं तसंच आहे. त्यांच्याकडे चालणार नाही, हे मला आधीपासूनच मान्य होतं. पण ते माझ्या घराबद्दल बोलत होते.