सासऱ्यांच्या औषधांचं खोकं: काय कुठे टाकायचं

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरातल्या घरी सासऱ्यांच्या पश्चात औषधांचं एक खोकं उरलंय. त्यात बीपी-शुगरच्या गोळ्या, अर्धवट सिरप, इन्सुलिनची पेनं आणि सुया, इनहेलर, ट्रामाडॉल या तीव्र वेदनाशामक गोळ्यांच्या दोन स्ट्रिप आणि पाऱ्याचा थर्मामीटर आहे. सगळं एका पिशवीत बांधून घंटागाडीत टाकलं तर चालेल का, असा प्रश्न आहे. चालणार नाही. यातल्या चार-पाच वस्तूंच्या वाटा वेगवेगळ्या आहेत.

आधी वर्गवारी. पाकिटावर 'एक्स्पायरी ०८/२०२६' असेल तर औषध ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, एक तारखेला बाद होत नाही. पण आपल्याकडे नुसत्या तारखेवर विसंबू नका. लेबलवर '३० अंशांखाली ठेवा' असतं आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत त्याहून किती जास्त होतं हे सांगायला नको. ॲस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबट वास आला, कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या, गोळीवर डाग दिसले, तर तारीख उरली असली तरी ते बाद. डोळ्यांचे थेंब आणि वापरात असलेलं इन्सुलिन पेन उघडल्यापासून साधारण २८ दिवसांचं, मग पाकिटावर पुढचं वर्ष का असेना.

न उघडलेल्या, मुदत असलेल्या पूर्ण स्ट्रिप बिलासह दुकानात विचारून बघा, काही जण अलीकडची खरेदी परत घेतात. फ्रिजमधलं औषध मात्र कुणी घेणार नाही आणि घेऊही नये. अर्धी स्ट्रिप 'यालाही बीपीच आहे' म्हणून शेजाऱ्यांना देऊ नका. अँटिबायोटिक तर मुळीच नाही.

आता साध्या गोळ्या. बीपी, शुगर, ॲसिडिटी, व्हिटॅमिन या सगळ्या स्ट्रिपमधून बाहेर काढा, पण कुटू नका. पूड उडते, श्वासात जाते. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात टाकून त्यांच्या दुप्पट ओली काळी माती किंवा चहाचा चोथा मिसळा. चोथा आधी धुऊन घ्या, साखर राहिली की मुंग्या लागतात. उरलेली भाजी किंवा भाकरी मात्र कधीच मिसळायची नाही. पिशवी फाटली की मोकाट गाय आणि कुत्री ती आधी हुंगतात, म्हणजे औषध आपणच त्यांना भरवल्यासारखं. झाकणाला चिकटपट्टी गुंडाळा, वर 'औषधे' लिहा. सिरपही याच डब्यात, फक्त भुसा किंवा माती जास्त घ्या, म्हणजे ते जिरेल, गळणार नाही.

संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट असेल तर ती स्ट्रिपमधून काढूच नका. कॅन्सरच्या गोळ्यांचंही तेच. जाड पिशवीत सीलबंद करून जिथे उपचार चालू होते त्या रुग्णालयाला विचारा. तिथल्या जैव-वैद्यकीय कचऱ्यातून त्या उच्च तापमानाच्या भट्टीत जातात.

रिकामी स्ट्रिप आणि बाटली लोक सर्रास अखंड टाकतात, ही मोठी चूक. स्ट्रिप कात्रीने दोन-तीनदा आडवी कापा, बॅच नंबर आणि तारीख वाचता येणार नाही अशी. बाटलीवरचं लेबल खरवडा, मगच ती भंगारात. नाव असलेल्या चिठ्ठ्या फाडून टाका.

ट्रामाडॉलची गोष्ट उलटी आहे. केंद्रीय औषध नियंत्रक संस्थेने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जी थोडी औषधं संडासात टाकून पाणी सोडायला सांगितलं, त्यात ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम, मॉर्फिन, फेंटानिल ही येतात. कारण एकच गोळी चुकून लहान मुलाच्या हाती लागली तर जीव जाऊ शकतो. तो धोका पाण्यात जाणाऱ्या थोड्या अंशापेक्षा मोठा मानला आहे. गोळी एकटी टाका, स्ट्रिप नाही. फेंटानिलची त्वचेवर चिकटवायची पट्टी वापरून झाली तरी तिच्यात औषध शिल्लक असतं; चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि संडासातच टाका.

ही यादी सोडून बाकी काहीही संडासात किंवा मोरीत ओतू नका. सांडपाणी केंद्र औषधं पूर्ण काढू शकत नाही. घरी सेप्टिक टँक असेल तर अँटिबायोटिकने टाकीतले उपयोगी जंतूच मरतात. अंगणात पुरणंही नको: काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि बऱ्याच अंगणांत बोअर असतो. जाळू तर नकाच, स्ट्रिपच्या पीव्हीसी प्लास्टिकमधून विषारी धूर निघतो.

सुयांसाठी फिनेलची रिकामी जाड बाटली घ्या. सुई वापरली की थेट आत. टोपी परत बसवायला जाऊ नका, बोट तेव्हाच टोचतं. पाऊण भरली की झाकण घट्ट करून पट्टी लावा आणि 'वापरलेल्या सुया' लिहा. पातळ पिशवीतल्या सुया कचरा वेचणाऱ्यांच्या हातात घुसतात. इन्सुलिन देणाऱ्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये ही बाटली घेतात का ते विचारा. इनहेलर रिकामा वाटला तरी दाबाखाली असतो: भोक पाडायचं नाही, जाळायचं नाही, गाडीत उन्हात सोडायचं नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांतच मुदतबाह्य औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर आणि वापरलेल्या सुया यांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं, म्हणून हे ओल्या-सुक्यात मिसळायचं नसतं. घंटागाडीवाल्याच्या हातात पिशवी द्यायच्या आधी झोन कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाला विचारा की वेगळी पिशवी कोणत्या दिवशी, कुठे द्यायची. तोंडी सांगितलेलं गाडीवर पोचत नाही, म्हणून पिशवीवर ठळक लिहा.

थर्मामीटर अखंड असेल तर तसाच कापसात गुंडाळून वेगळ्या डब्यात. फुटला तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका, त्याने पारा बारीक होऊन पसरतो. जाड कागदाने पाऱ्याच्या गोळ्या एकत्र करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला आणि झाकणाच्या बाटलीत बंद करा. हात धुताना अंगठी आधी काढलेली असावी, पारा सोन्याला चिकटतो.