हॅलोवीनची सजावट लावली की पोर्चवरचा सॉकेट ट्रिप होतो, खिडकीतून घरातली लाइन बाहेर घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत आल्यावर हे तुमचं पहिलंच हॅलोवीन आहे. मुलांनी हौसेने सगळं आणलंय, पण पोर्चवरचा सॉकेट दहा मिनिटांत बंद पडतो आणि पाऊस झाला की लगेचच. शेजारी म्हणतात, खिडकीतून घरातली लाइन बाहेर घ्या. शिवाय पुण्याहून आणलेल्या दिवाळीच्या माळा अडॅप्टर लावून इथे चालतील का, हेही तुम्ही विचारलंय.

दोन्हींना माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. मी सांगलीत इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि गेली सोळा वर्षं इथे घरांच्या वायरिंगची कामं करतो. ऑक्टोबर अर्धा सरला की मला हाच फोन येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तो सॉकेट काय करतोय ते समजून घ्या. त्यावर दोन छोटी बटणं असतील, टेस्ट आणि रीसेट. त्याला इथे जीएफसीआय म्हणतात. आपल्याकडे मीटरपाशी करंटची गळती झाली की लाइन तोडणारा आरसीसीबी बसवतात, त्याचाच हा भाऊ, पण जास्त हळवा. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो सतत बघत असतो. साधारण ५ मिलिअँपिअरचा फरक पडला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. आपल्या आरसीसीबीचा आकडा बहुधा ३० मिलिअँपिअर असतो. फरक पडला याचा अर्थ करंट दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने जमिनीत जातोय. ती वाट ओली माती असेल, लोखंडी कठडा असेल, नाहीतर तुमचं मूल.

पॅनलमधला ब्रेकर हे काम करत नाही. तो १५ किंवा २० अँपिअरचा असतो आणि भिंतीतली वायर तापून पेटू नये म्हणून बसवलेला असतो. १५ अँपिअर म्हणजे १५,००० मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून १०-२० मिलिअँपिअर गेले तरी स्नायू आखडतात आणि हातातली वायर सोडवत नाही. १०० च्या आसपास हृदयाची लय बिघडते. माणूस जिवाला मुकला तरी ब्रेकरला त्याचा पत्ता लागत नाही. बर्कलीच्या विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी माणसाला किती करंट सोसतो याचा अभ्यास वर्षानुवर्षं केला आणि १९६१ मध्ये जीएफसीआय शोधला.

आता खिडकीतून लाइन घेतली तर काय होतं? दिवाणखान्यातल्या सॉकेटला बहुतेक घरांत जीएफसीआय नसतो. म्हणजे गळती जशीच्या तशी राहते, फक्त ती ओळखणारा निघून जातो. तीन वर्षांपूर्वी एका घरी असंच केलेलं मी पाहिलंय. एक्स्टेन्शनचा जोड ओल्या लोखंडी कठड्यावर टेकला होता. सजावट झकास चालू होती, काहीच ट्रिप होत नव्हतं. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने कठडा धरला आणि ‘बाबा, हाताला मुंग्या येतात’ म्हणाली. तिच्या पायात रबरी बूट होते. अनवाणी असती तर काय झालं असतं, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. त्यात खिडकीची चौकट वायरवर दाबली जाते, आतल्या तारा तुटतात आणि तेवढीच जागा तापत राहते. तेव्हा खिडकी नाही, दाराखालूनही नाही आणि गालिच्याखालून तर मुळीच नाही.

मग बिघाड शोधायचा कसा? हात आणि पाय कोरडे ठेवा. सगळे प्लग काढा आणि रीसेट दाबा. काहीही जोडलेलं नसताना सॉकेट टिकत नसेल, तर पाणी डब्यातच शिरलंय किंवा जीएफसीआय निकामी झालाय. तिथे स्वतः स्क्रू ड्रायव्हर लावू नका, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा. सॉकेट टिकला तर एकेक वस्तू लावत जा. जी लावल्यावर तो पडतो ती बाजूला ठेवा, तिचा प्रत्येक जोड उघडून बघा. बहुतेक वेळा दोन माळांचा जोड पाल्यात पडलेला असतो आणि त्यात पाणी असतं. घरात दोन दिवस वाळू द्या. वायर सोललेली किंवा होल्डर तडकलेला दिसला तर ती माळ टाकून द्या. एकेक वस्तू ठीक चालते पण सगळ्या मिळून ट्रिप होतं, असंही घडतं. प्रत्येकीची गळती थोडी थोडी असते आणि बेरीज ५ वर जाते. अशा वेळी वस्तू कमी करा, किंवा अर्ध्या दुसऱ्या जीएफसीआयवर लावा.

एक गंमत इथे नव्याने आलेल्यांना माहीत नसते. काही घरांत बाहेरच्या सॉकेटवर बटणंच नसतात, कारण त्याचं रक्षण गराजमधला, तळघरातला किंवा चक्क बाथरूममधला जीएफसीआय करत असतो. बाहेरचा सॉकेट मेला म्हणून लोक मला बोलावतात आणि मी बाथरूममधलं बटण दाबून येतो. उलटही होतं. आपल्या लोकांचा दुसरा फ्रीज किंवा डीप फ्रीझर हटकून गराजमध्ये असतो. तो त्याच साखळीवर असेल तर अंगणातल्या भुतामुळे फ्रीझरही बंद पडतो आणि दोन दिवसांनी वास आल्यावर कळतं.

जोड कोरडे राहावेत म्हणून बरेच जण प्लास्टिकची पिशवी बांधतात किंवा काळी टेप गुंडाळतात. मी ते करत नाही. आत दव साठतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. जोड जमिनीपासून वर उचला, तोंड खाली राहील असा टांगा आणि सॉकेटकडे येणारी वायर थोडी खाली झोळासारखी सोडून मग वर घ्या, म्हणजे पाणी झोळातून गळून जातं. एक्स्टेन्शनचे जोड ठेवायचे पाणीरोधक डबे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते चांगले. सॉकेटचं झाकण प्लग लावलेला असतानाही बंद होणारं, फुगीर पारदर्शक असायला हवं. तुमच्याकडे जुनं चपटं झाकण असेल तर तेवढं बदलून घ्या.

एक्स्टेन्शन घेताना वेष्टनावर बाहेर वापरण्यासाठी असल्याचं लिहिलंय का बघा. वायरवरच्या छापील अक्षरांत डब्ल्यू असेल तर ती बाहेरच्या हवेसाठी बनवलेली आहे. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, म्हणजे १४ ही १६ पेक्षा दणकट. तिसरी गोल पिन अर्थिंगची असते. जुन्या सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती कापणारे मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

लोडचा हिशेब साधा आहे. इथे १२० व्होल्ट. १५ अँपिअरच्या सर्किटवर तासन्‌तास चालणारा भार ८० टक्क्यांपर्यंत ठेवायचा, म्हणजे १२ अँपिअर किंवा १४४० वॅट. एलईडीच्या माळा यात नगण्य आहेत, शंभर दिव्यांची माळ दहा वॅटसुद्धा खात नाही. खाणारी वस्तू म्हणजे धूर सोडणारं मशीन. त्यात हीटर असतो. लहान मशीन ४०० वॅटचं, मोठं १००० च्या घरात. त्याला वेगळं सर्किट द्या आणि ते सपाट काँक्रीटवर, सुक्या पेंढ्यापासून व मक्याच्या ताटांपासून लांब ठेवा. त्याचा धूर घरात शिरून स्मोक अलार्म वाजला तर दार बंद करा, मशीन हलवा. अलार्मची बॅटरी मात्र काढू नका. त्या रात्री काढलेली बॅटरी पुढे महिनोन्‌महिने तशीच राहिलेली मी पाहिली आहे.

कोळ्याची पांढरी जाळी म्हणून विकतात तो पॉलिएस्टरचा पिंजलेला कापूस असतो आणि तो झटकन पेटतो. जुन्या गरम होणाऱ्या बल्बांवर किंवा हॅलोजनच्या फोकसवर तो ताणू नका. भोपळ्यातही मेणबत्तीऐवजी सेलवरचा दिवा ठेवा, कारण लांब झगे घातलेली पोरं त्याच्या शेजारून धावतात. याच कारणाने वायर पायवाटेवरून आडवी जाऊ देऊ नका.

चमकणाऱ्या दातांत, अंगठ्यांत, कवटीच्या डोळ्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर जखम होते. २०२२ मध्ये अमेरिकेत यासाठी ‘रीझ लॉ’ नावाचा कायदा झाला आणि अशा वस्तूंचं झाकण मुलांना सहज उघडणार नाही असं असणं सक्तीचं झालं. तरीही घरातल्या जुन्या खेळण्यांचे स्क्रू एकदा तपासा. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट इमर्जन्सीत न्या. वाट बघू नका.

शिडीबद्दल एकच, पण महत्त्वाचं. तुमच्या भागात खांबावरून घरापर्यंत लाइन वरून येत असेल, तर तिच्यापासून शिडी आणि तुम्ही निदान १० फूट दूर राहा, आणि ॲल्युमिनियमऐवजी फायबरग्लासची शिडी वापरा. ती लाइन तुमच्या पॅनलच्या अलीकडची असते. घरातला कुठलाही ब्रेकर बंद केला तरी ती जिवंतच. माळा लावताना स्टेपलर किंवा खिळे नकोत, प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात.

आता पुण्याच्या माळा. अडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. २३० व्होल्टची माळ इथे १२० वर मंद जळेल किंवा जळणारच नाही. ते चाललं असतं एक वेळ. खरी अडचण अशी की इथल्या माळेच्या प्लगमध्ये इवलासा फ्यूज असतो, बहुधा ३ अँपिअरचा. आपल्या बाजारातल्या बऱ्याच माळांना तो नसतो आणि वायर दोऱ्याएवढी असते. तिच्यात शॉर्ट झाला की ब्रेकर पडेपर्यंत ती वायरच फ्यूज बनते, आणि ती जळते तेव्हा शेजारी सुका पाला असतो. इथे घ्याल त्या माळेवर यूएल किंवा ईटीएलचा, म्हणजे सुरक्षेची चाचणी झाल्याचा शिक्का आणि बाहेर वापरायची परवानगी दोन्ही लिहिलेलं असू द्या. उलट दिशेने तर धोका जास्त. इथली १२० व्होल्टची माळ गणपतीसाठी म्हणून गावी नेऊन २३० वर लावू नका, ती तत्काळ जळेल.

पुण्याची आठवण म्हणून काही लावायचंच असेल तर आकाशकंदील लावा. यूएल शिक्क्याच्या होल्डरमध्ये ५ वॅटचा एलईडी बल्ब, कागदाला टेकणार नाही असा, आणि पोर्चच्या छताखाली, पावसापासून आत. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी दारात चॉकलेट मागणारी पोरं, त्यांच्या डोक्यावर कंदील, असं आमच्या घरी झालं. दिवाळी आणि तुळशीच्या लग्नापर्यंत माळा ठेवल्यात तरी हरकत नाही. इथला वायरिंगचा नियम अशा सजावटीला ९० दिवस देतो. मात्र दर आठवड्याला आणि प्रत्येक पावसानंतर जोड बघा, आणि महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून सॉकेट पडतो ना, याची खात्री करा.

सगळे प्लग काढून रीसेट दाबल्यावर काय झालं ते इथेच खाली लिहा. घर साधारण कुठल्या सालचं आहे तेही कळवा, म्हणजे रीसेटचं बटण कुठे असू शकेल ते सांगता येईल.