ऑल्टोचा गिअरबॉक्स घरी उतरवावा का?

तुमची २०११ ची ऑल्टो, रिव्हर्स टाकताना करकर, पहिला गिअरही अधूनमधून अडतो. गॅरेजवाल्यानं ‘गिअरबॉक्स गेला, २२,००० लागतील’ म्हणून सांगितलंय. तुमच्याकडे पान्ह्यांचा सेट आहे, व्हिडिओ बघून झालेत, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन सुट्ट्यांत स्वतःच काम उरकावं का, असं विचारताय.

उरकेल की नाही ते नंतर बघू. गिअरबॉक्सच गेलाय हे ठरलं कशावरून? तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला तरी आधी क्लचचा संशय येतो.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. एखादा अडला तर गाडी हाताने जराशी पुढे ढकला आणि पुन्हा टाका, कारण कधीकधी दातावर दात येतो. बंद गाडीत सगळे अलगद पडतात आणि चालू केल्यावरच त्रास देतात, असं असेल तर पुढची चाचणी करा. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, समोर-मागे कोणी नाही. क्लच तळापर्यंत दाबून मनात पाच मोजा आणि मग रिव्हर्स टाका. या गिअरबॉक्समध्ये पुढच्या पाचही गिअरना सिंक्रोनायझर रिंग (दात जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी पितळी कडी) आहे, रिव्हर्सला नाही. म्हणून क्लच पुरता सुटत नसला की पहिली बोंब रिव्हर्सच मारतो. पाच मोजूनही करकरला, तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचकडून फिरणारा दांडा) थांबतच नाहीये. मुकाट पडला, तर इतके दिवस तुम्ही घाई करत होता, एवढंच.

ऑल्टोचा क्लच केबलचा. पेडल हाताने दाबून बघा, साधारण दोन सेंटिमीटर मोकळं जायला हवं. त्याहून बरंच जास्त जात असेल तर केबल ढिली आहे किंवा तिच्या तारा तुटायला लागल्यात. केबल आवळणं किंवा बदलणं हे काम तुम्ही चहाच्या आधी कराल.

गिअरबॉक्स खरोखर गेल्याची लक्षणं वेगळी असतात. एकाच गिअरमध्ये रडल्यासारखा आवाज, चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटणं, किंवा न्यूट्रलला क्लच सोडल्यावर येणारी घरघर जी क्लच दाबला की थांबते (ते इनपुट शाफ्टचं बेअरिंग). उलट, दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). शंका असेल तर गिअर ऑइल काढून बघा. ड्रेन प्लगला राखाडी लोण्यासारखा थर लागलेला असतो, त्याला घाबरू नका. लोखंडाचे कपचे निघाले तर मात्र घाबरा.

माझ्या ऑल्टोच्या ऑइलमध्ये पितळी चमक होती. दुसरा गिअर थंडीत सकाळी खरखरायचा, म्हणजे सिंक्रोनायझर रिंग झिजलेली, निदान बरोबर होतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापुरात घराच्या पोर्चमध्ये गाडी घोड्यांवर (लोखंडी जॅक स्टँडवर) चढवली. बॅटरी काढली, ऑइल काढलं, दोन्ही एक्सल ओढले, स्टार्टर सोडला, इंजिनला खालून आधार दिला, आणि भाऊ धरायला होता म्हणून दीड दिवसात गिअरबॉक्स खाली. इतकं छान वाटलं की तिथे थांबायचं सोडून मी तो उघडला.

शिफ्ट शाफ्टच्या (गिअर बदलताना सरकणाऱ्या दांड्याच्या) खाचेत स्प्रिंगच्या जोरावर एक पोलादी गोळी बसलेली असते, वाटाण्याहून बारीक. शाफ्ट ओढल्याबरोबर ती टणकन उडाली, एकदा फरशीवर वाजली, आणि मग दोघं गुडघ्यावर बसून बॅटरी मारत राहिलो. ते एक वेळ चालून गेलं असतं. पण दुसऱ्या गिअरची रिंग काढायला शाफ्टवरचे गिअर-बेअरिंग प्रेसवर सोडवावे लागतात. माझा पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) पुरेना, मी हातोडी घेतली, आणि चांगलं बेअरिंग वाया गेलं. शेवटी सगळे भाग दुधाच्या क्रेटमध्ये भरून रिक्षाने उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, मिस्त्रींकडे नेले. मिस्त्रींनी क्रेटकडे बघितलं आणि म्हणाले, “बंद आणला असतासा तर परवा दिला असता. आता आधी काय काय न्हाई ते बघायचं.” मजुरी अर्थातच जास्त घेतली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

म्हणून मी याला दोन वेगळी कामं समजतो. उतरवणं-चढवणं हे अंगमेहनतीचं आहे, ते धीराच्या माणसाला जमतं. उघडणं हे प्रेसचं, मापाच्या शिमचं (फट भरायच्या पातळ चकत्यांचं) आणि हाताच्या सवयीचं काम आहे, ते एका व्हिडिओवर येत नाही. आज माझ्यावर वेळ आली तर मी स्वतः उतरवेन, बंदच मिस्त्रीकडे देईन आणि आणून स्वतः चढवेन.

तेही कधी? दुसरी गाडी दाराशी असेल, फरशी सपाट असेल, एक धडधाकट माणूस मदतीला असेल आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना चार दिवस धीर असेल तर. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, विटांवर तर नाहीच. घोड्या विकत किंवा भाड्याने आणा. चढवताना क्लच प्लेट मधोमध बसवायला जुना इनपुट शाफ्ट कोणाकडून तरी मागून घ्या, आणि गिअरबॉक्स शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, प्लेट वाकते. उतरवलाच आहे तर एक्सलची ऑइल सील आणि क्रँकचं मागचं सीलही बदला. पुन्हा एवढ्यासाठी कोण उतरवतंय? ऑइल गाडीच्या पुस्तकातल्या ग्रेडचंच, जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा). दुकानदार ‘जीएल-५ भारी असतं’ म्हणेल, पण त्यातली काही द्रव्यं पितळी रिंगांना मानवत नाहीत.

गाडी एएमटी (क्लच-गिअर स्वतःच चालवणारी) असती तर मी एवढंही लिहिलं नसतं. तिथे क्लच जोडल्यावर स्कॅनर लावून शिकवावा लागतो.

आज संध्याकाळी रिव्हर्सची चाचणी करा. आणि त्या २२,००० मध्ये क्लच सेट किती, बेअरिंग-रिंग किती, मजुरी किती, हे गॅरेजवाल्याकडून कागदावर घ्या. बॉक्स न उघडताच आतले भाग लिहून दिले असतील, तर कोणत्या आवाजावरून ठरवलं तेही विचारा. दोन्ही उत्तरं इथे टाका, मग पुढचं बघू.