धाकल्यास, आखाजीच्या आधी

चि. धाकल्या,

अनेक आशीर्वाद. चारचौघांत मी तुला आता अहो-जाहोच करणार, घरचा कर्ता म्हणून पागोटं बांधल्यावर ते भागच आहे, पण पत्रात तू म्हणतोय, चालवून घे. समोर बसून बोललो असतो तर तू मान खाली घालून "हो नाना, हो नाना" केलं असतं आणि फोन वाजला की उठून गेला असता, म्हणून लिहितोय. मोबाईलवर एका बोटाने टाईप करतोय, चुका दिसल्या तर सुधारून वाच.

तुझा थोरला भाऊ, आपला दादा गेला, त्याच्या गंधमुक्तीच्या विधीला मामांनी तुझ्या डोक्याला पागोटं बांधलं तेव्हा मी मुनीम मागच्या खांबाला टेकून उभा होतो. सगळे तुझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे. ओट्यावरचे भाऊबंद एकमेकांना कोपराने ढोसत होते, आता गढीचं काही खरं नाही म्हणून. दारावर आलेल्यांतले निम्मे रडायला आले होते, निम्मे अंदाज घ्यायला. आणि आपला जुना सालदार पायरीखाली बसला होता, तो मला हळूच म्हणाला, "नाना, आते आमन्हं काय व्हई?" मला काही उत्तर देता आलं नाही रे. ते तू द्यायचंय, आणि आखाजीच्या, अक्षय्यतृतीयेच्या, आत द्यायचंय, कारण आखाजीला साल संपतं, नवं साल ठरतं, आणि गडी दुसऱ्याच्या बांधावर गेला की तो परत येत नाही. आठ दिवस राहिलेत.

तू मौजमजेचा पोरगा आहेस हे मी नाकारत नाही, कोणाच्या तोंडाला हात लावणार. थार घेऊन मध्यरात्री इंदूरच्या सराफ्यात खायला जाणं, हिवाळ्यात मळ्यावर साठ-साठ माणसांची भरीत पार्टी, दर दोन महिन्यांनी गोवा, आणि मळ्यावरचं ते "बसणं". दादा होता तोवर सगळं शोभलं. तो तुझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, ओझं त्याच्या खांद्यावर, तू शेंडेफळ, तुला कोणी कधी सातबारा उघडून दाखवलाच नाही आणि ही चूक तुझी नाही, आमची आहे. मीच म्हणायचो, राहू द्या हो दादासाहेब, लहान आहे. सत्तावीस वर्षांचा लहान!

पण मला सारंगखेड्याची गोष्ट आठवते. दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीच्या यात्रेत तू मला हट्टाने घेऊन गेलास. ती पंचकल्याणी घोडी, चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा, विकणारा तिला वाजंत्रीवर नाचवत होता आणि तुझे मित्र मोबाईल काढून "घेऊन टाक भाऊ, घेऊन टाक" करत होते. मी मनात म्हटलं, गेले पैसे. तू त्या माणसाला म्हणालास वाजंत्री बंद करा, खोगीर उतरवा, वाळूतून बाहेर काढा आणि डांबरी रस्त्यावर साधी चालवा. मग डोळे मिटून उभा राहिलास. मला वाटलं याला चढली की काय. तू टापा ऐकत होतास. दोनदा चालवायला लावलीस आणि मला म्हणालास, "नाना, चौथी टाप उशिरा पडते, मागचा डावा पाय दुखतोय तिचा, नाचवून लपवताहेत." भाव करायला रुमालाखाली हातसुद्धा घातला नाहीस, वळलास, आणि तिसऱ्या राहुटीतली ती साधी तांबडी घोडी निम्म्या पैशात आणलीस जी आज दारात उभी आहे आणि जिला अजून एक दिवस वैद्य लागला नाही.

तेव्हा तुला कळत नाही असं मी कोणाकडून ऐकून घेणार नाही. तू फक्त घोड्यापाशी थांबलास, घराच्या टापा कधी ऐकल्या नाहीस.

आता ऐकायला सुरुवात केळीच्या बागेपासून कर. परवा कापणी झाली तेव्हा तू झोपलेला होतास, मी काट्यावर होतो. व्यापाऱ्याचा माणूस चांगले घड बघून वापसीत, म्हणजे नाकारलेल्या मालात, ढकलत होता. नवतीचा, नव्या लागवडीचा, भाव वेगळा, जुन्या खोडाच्या पिलांवर धरलेल्या पिलबागेचा वेगळा आणि वापसीचा तर मातीमोल, हे तुला माहीतच असेल, ऐकून तरी. दादा काट्याजवळ नुसता खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचा, एक शब्द बोलायचा नाही, आणि वापसी आपोआप कमी निघायची. मी म्हातारा ओरडलो तर मजूर हसतात. तू पाच कापण्यांना सकाळी सहाला जाऊन बस, बोलू नकोस, नुसता बघ. सहाव्यांदा तुला जायची गरज आहे का नाही ते तुझं तुलाच कळेल.

दुसरं थोडं लांबलचक आहे पण वाच, कारण हे पत्र मी खरं तर यासाठीच लिहायला घेतलं. लोक तुला अमळनेरचं उदाहरण देतील, दिलंही असेल, की अझीम प्रेमजी 1966 साली वडील अचानक गेले तेव्हा एकवीस वर्षांचे होते, अमेरिकेतलं शिक्षण सोडून आले आणि आपल्या इथल्या तेलाच्या कारखान्याचं कुठल्या कुठे नेलं. उत्तम उदाहरण आहे, पण तो पोरगा स्टॅनफर्डला होता आणि तू बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला तीनदा होतास, म्हणून मी ते देत नाही. मी देतो बडोद्याचं. खंडेराव गायकवाड 1870 साली वारले, मुलगा नव्हता, आणि धाकटा भाऊ मल्हारराव, जो भावाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून कैदेत पडलेला होता, तो कैदेतून उठून थेट गादीवर बसला. त्याने सोन्याच्या तोफा करवल्या, हे सगळे सांगतात. पण माझ्या मते तो तोफांपायी बुडाला नाही. गादीवर आल्या आल्या त्याने भावाच्या माणसांवर सूड उगवला, जुने कारभारी तुरुंगात टाकले, आपले खुशमस्करे भरले, आणि भावाची विधवा जमनाबाई तिला तर बडोदा सोडून पुण्याला राहावं लागलं. पाच वर्षांत इंग्रजांनी त्याला खाली उतरवलं, 1875. आणि मग पुढचा राजा दत्तक कोणी घेतला? त्याच जमनाबाईने. आपल्या शिवेवरचं मालेगावजवळचं कवळाणं, तिथला बारा वर्षांचा शेतकऱ्याचा पोरगा, तोपर्यंत अक्षरओळख नाही, तो सयाजीराव महाराज झाला. जिला घराबाहेर काढलं तिच्याच हाताने गादी दुसऱ्याकडे गेली.

आता आपल्या वहिनीकडे बघ. पस्तिशीची बाई, दोन पोरी, एक अकरा एक सात. तेराव्याच्या जेवणावळीतच एक शहाणा तुझ्या कानाशी लागलेला मी पाहिला आणि तो काय म्हणाला असेल ते मला न ऐकता माहीत आहे, "मुलगा नाही, तेव्हा सगळं तुझंच." साफ खोटं. भाऊ गेला तर त्याच्या हिश्श्याचे पहिले वारस त्याची बायको, त्याच्या मुली आणि त्याची आई. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात भाऊ त्या पहिल्या वर्गात येतच नाही. म्हणजे दादाच्या वाट्यात तुझी चिमूटभर माती नाही. तुझा वाटा तुझा आहे, तो कोणी घेत नाही. आणि आक्काचाही वाटा आहे, 2005 च्या दुरुस्तीनंतर लेक मुलासारखीच हिस्सेदार. भाऊबंद म्हणतील आक्काकडून हक्कसोड करून घे, दुःखात आहे तोवर सही देईल. खबरदार. वर्ष व्हायच्या आत बहिणीपुढे कागद ठेवलास तर मी या गढीची पायरी चढणार नाही, आणि हे मी रागाने लिहीत नाही, विचार करून लिहितोय.

सातबारा काढ आणि दादाच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाच. तुझे वडील आबासाहेब यांच्या पश्चात नोंद करताना तिथे "ए.कु.मॅ." लिहिलंय, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मालक नाही हं, मॅनेजर. एकेचाळीस वर्षं मी वह्या लिहिल्या पण त्या तीन अक्षरांकडे कोणी धड बघितलं नाही, मीसुद्धा नाही. देशमुखी 1950 च्या कायद्याने गेली, त्यानंतर सिलिंग आलं, राहिली ती ही चौतीस एकर आणि पडकी गढी, पण घरातल्या पुरुषांच्या डोक्यातून "सरकार" म्हणवून घेणं काही गेलं नाही. आता वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे दे, त्यात आई, तू, आक्का, वहिनी, दोन्ही पोरी, सगळ्यांची नावं घाल, पोरी अज्ञान आहेत म्हणून त्यांची पालक वहिनी असं लिही. नोटीस निघेल, पंधरा दिवस हरकतीला असतात, भाऊबंदांपैकी एकजण हरकत घेईलच, कोण ते मला माहीत आहे, घाबरू नको. नोंद होईपर्यंत कुठल्याही कागदावर सही नको. कोऱ्यावर तर नाहीच, "नुसती फॉर्मॅलिटी आहे भाऊ" म्हणाला तरी नाही. तुझ्या त्या प्लॉटिंगवाल्या मित्राला सांग नाना वाचून दाखवतील मग सही करतो. तो परत येणार नाही बघ.

आता माझं. हे लिहायला मला तीन दिवस लागलेत, वरचं सगळं एका बैठकीत लिहून इथे अडलो होतो.

घराच्या वहीशिवाय माझ्याकडे एक लाल बारकी वही आहे. दादाने गेल्या चार वर्षांत हातउसने घेतलेले पैसे त्यात आहेत, एकूण चौदा लाख. एक वर्ष वादळाने बाग झोपली, मग केळी उभी केली तर भाव पडला, आणि मधे एका पतसंस्थेत ठेवलेले नऊ लाख अडकले ते अजून अडकलेलेच आहेत. दादा म्हणायचा नाना हे वहिनीला कळू देऊ नका, धाकल्याला तर नकोच, त्याचं आत्ताच सुरू झालंय आयुष्य. आणि मी गप्प बसलो. तुझ्या भरीत पार्टीची वांगी, तूप, मंडप याचे पैसे त्याच तिजोरीतून मी मोजून दिलेत आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तुला तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित तू थांबला असतास, कदाचित नसता, पण दादा एकटा तरी पडला नसता. डॉक्टर म्हणाले हार्ट, मी रात्री झोपताना त्या वहीचा विचार करतो. असो. त्या वहीतले सात जण आहेत, पाच गरीब आहेत, मागायला आलेले नाहीत, लाजताहेत. आधी त्यांचे दे. दोन मोठे आहेत ते थांबतील, त्यांना व्याज प्यारं आहे.

पैसा कुठून आणू म्हणशील. थार विक. घोडी विकू नको.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण सगळे तुला सांगतील की आता सगळं सोड, पांढरे कपडे घाल, गंभीर हो, दादासारखा हो. तू दादा होणार नाहीस आणि उगीच सोंग केलंस तर चार महिन्यांत दुप्पट जोराने सुटशील, अशी पोरं मी दोन पाहिलीत. घोडी ठेव, सारंगखेड्याला जा, खापरावरचे मांडे खा, इंदूरलाही जा वर्षातून एकदा, वहिनीला आणि पोरींना घेऊन जा, त्यांनी कुठे पाहिलाय सराफा. मित्रांचं मात्र बघ. तेराव्यानंतर एकटा भेटायला किती आले ते मोज. मी मोजलेत, साठातले चार. त्यातला तो बोदवडचा, जो नेहमी कोपऱ्यात बसून कांदा कापायचा आणि ज्याची तुम्ही सगळे चेष्टा करायचा, त्याने दहनाच्या दिवशी लाकडाचं बिल भरलंय, तुला माहीत नाही, मला पावती सापडली.

आणि आखाजीचे पत्ते. आपल्याकडे त्या दिवशी पोरंसोरंही खेळतात, मी काय साधू आहे का, मीही खेळलोय. पण यंदा गढीच्या ओट्यावर डाव बसवू नको. यंदा त्या ओट्यावर सालदारांना बसव, प्रत्येकाला विचार मागचं किती बाकी आहे, माझ्या वहीतल्या आकड्याशी ताडून बघ, माझी चूक निघाली तर सगळ्यांसमोर सांग. बाकी चुकती कर, मग नव्या सालाचं बोल. वहिनीला ओसरीत बसव, आत नको. तिच्या देखत बोल.

वहिनीशी बोलताना एक. "तुम्ही काही काळजी करू नका, मी आहे" असं म्हणू नकोस, ते प्रत्येकाने म्हणून झालंय, तिला त्याचा वीट आलाय. लाल वही तिच्यापुढे ठेव आणि हिशेब दाखव. ती रडेल, मग विचारेल. ती बारावीला गणितात तालुक्यात पहिली होती हे या घरात फक्त मला माहीत आहे, कारण सोयरिकीच्या वेळी मार्कशीट मीच बघितली होती आणि नंतर कोणी तिला साधी दुधाची वहीसुद्धा लिहायला दिली नाही.

श्रावणात कानबाई देवीचा सण येईल. तिच्या रोटाचे गहू आपल्याकडे घरातल्या पुरुषांमागे सव्वा मूठ असे मोजतात, तुला ठाऊक आहे. यंदा मापात एक कमी. ते मोजताना हात थबकतील, तेव्हा तू घरात हवास, गोव्याला नको, तिकीट काढलं असशील तर आत्ताच रद्द कर.

बागेतून येताना बघितलंस का, घड काढलेलं खोड आपण लगेच मुळापासून पाडत नाही, उभंच ठेवतो, त्याचा रस खालच्या पिलाला जातो. दादाचे सालदार, दादाचा ट्रॅक्टरवाला, दादाचा तो तोंडाळ मुनीम म्हणजे मी, एवढे यंदा उभे राहू दे. पुढच्या वर्षी कोणाला काढायचं ते तू ठरव, मला काढलंस तरी चालेल, गुडघे तसेही बोलताहेत.

रविवारी सकाळी सातला ये, एकटा ये. दोन्ही वह्या, दादाच्या बँकेची पासबुकं आणि जुना सातबारा काढून ठेवतो. बँकेत नॉमिनी म्हणून तुझं नाव आहे, त्यावरून हुरळू नको, नॉमिनीने पैसे घेऊन वारसांना द्यायचे असतात, वारस कोण ते वर लिहिलंय.

आणि घोडीच्या हरभऱ्याचं, गवताचं आणि नालबंदाचं मिळून 11,400 रुपये बिल आलंय. आजवर ते घरखर्चात पडायचं. या वेळेपासून मी ते तुझ्या नावाच्या नव्या पानावर घेतलंय, येताना पैसे घेऊन ये.

तुझा,
नाना